वरची बाजू

वेल्डन स्ट्राउड मरायचे थांबले होते ते एका दगडासाठी. डॉक्टरांनी ईस्टरपर्यंतचा वायदा दिला होता. ईस्टर होऊन गेला, आवारातल्या पीचला हिरव्या गोट्या धरल्या, तरी म्हाताऱ्याचा श्वास चालूच होता. पुढच्या खोलीत, खिडकीतून क्लिअर लेकचं करडं पाणी दिसेल अशा बेतानं, लोखंडी पलंग टाकला होता. त्यावर पडल्या पडल्या ते रोज सकाळी मुलीला एकच विचारायचे, "तपासला का?"

"अजून नाही, सर," ग्लेंडा म्हणायची.

वडिलांना सर म्हणायची त्या घरची रीत होती. ग्लेंडा आता पासष्टी ओलांडलेली, जवळच्याच पासाडेनाच्या कॉलेजात पुस्तकं देत-घेत निवृत्त झालेली; तरी रीत सुटली नव्हती. लाडात आलं की 'डॅडी', एरवी 'सर'. लाडात यायचे प्रसंग मोजकेच आले.

दगड चंद्रावरचा होता. माणसं चंद्रावर उतरत होती त्या काळात एका डोंगराच्या पायथ्याशी तो उचलला गेला आणि ह्यूस्टनला वेल्डनच्या हाती आला. वेल्डनचं काम असं, की चंद्रावर दगड कसा पडला होता ते पृथ्वीवर ठरवायचं. कुठली बाजू आकाशाकडे होती, कुठली धुळीत. नियम असा होता की उचलणाऱ्यानं हात लावण्याआधी दगडाचा फोटो काढायचा. मग इथे अंधाऱ्या खोलीत वेल्डन तो दगड स्टँडवर ठेवायचे आणि एकच दिवा इकडून तिकडे फिरवत राहायचे. दगडावरची सावली फोटोतल्या सावलीशी तंतोतंत जुळली की दिवा म्हणजे सूर्य, आणि दगड जसा पडला होता तसाच. मग त्याच्याशेजारी अक्षरं कोरलेला एक लहानसा ठोकळा ठेवला जायचा. वरच्या बाजूचं अक्षर वर. ते अक्षर एकदा ठरलं की पुढचं सगळं शास्त्र त्यावर उभं राहायचं: दगडानं किती काळ ऊन खाल्लं, डोंगराचा कडा कधी कोसळला. ह्या दगडावरून वेल्डननी त्या कड्याचं वय काढलं. ते पाठ्यपुस्तकांत गेलं आणि त्याच मापानं पुढच्यांनी चंद्रावरचे आणखी डोंगर मोजले.

घरीही तोच खेळ चालायचा. जेवणाच्या टेबलावर सोललेला बटाटा ठेवून ते दिवे घालवत आणि बॅटरी लावत. ग्लेंडानं डोळे मिटायचे. ते बटाटा फिरवत. डोळे उघडल्यावर सावली बघून सांगायचं. वर कुठली बाजू होती? चुकलं तर गोड मिळायचं नाही. आई, नादीन, चोरून एखादा घास द्यायला जायची, पण बश्या पुसून ठेवताना त्या किती आहेत हे वेल्डनच्या नजरेतून सुटत नसे.

हीच नादीन वारली तेव्हा शवपेटी उघडी ठेवली होती. केस विंचरणाऱ्यानं उलटा छापलेला फोटो समोर धरून भांग उजवीकडे पाडला होता. वेल्डननी रांगेतल्या लोकांना थांबवलं, खिशातून स्वतःचा कंगवा काढला आणि सगळ्यांच्या देखत बायकोचे केस मोडून भांग डावीकडे पाडला. "प्रेत असलं म्हणून काय झालं," ते म्हणाले. "चूक ती चूक." बायका रुमालानं डोळे टिपायला लागल्या, केवढं हे प्रेम म्हणून. ग्लेंडा पेटीच्या दुसऱ्या अंगाला उभी होती. तिला वडिलांचा चेहरा दिसत होता. दुसऱ्याची चूक सापडली की तो जसा व्हायचा तसा तो झाला होता.

दगडाबद्दल त्यांना चूक म्हणणारा एकच निघाला. लाइल टिडवेल. त्यांच्याच हाताखाली शिकणारा, आणि ग्लेंडाच्या बोटात अंगठी घातलेला. तो म्हणाला, फोटोत दगडाच्या बाजूला, धुळीत, त्याच्याच आकाराचा खळगा दिसतो. म्हणजे फोटो काढायच्या आधीच दगड कलंडला होता. अंतराळवीराच्या फावड्याचा धक्का लागला असेल. तुम्ही दिवा बरोबर जुळवला, सर, पण उलट्या दगडाशी. वेल्डन म्हणाले, खळगा फावड्यानंच पडलाय, आणि तू उद्यापासून येऊ नकोस. आकाशाकडच्या बाजूला पडतात तसे बारीक खड्डे दगडाच्या दोन्ही अंगांवर होते, वाद तिथल्या तिथे मिटण्यासारखा नव्हता. पण वेल्डनचा शब्द मोठा होता. त्यांनी चार ठिकाणी फोन केले आणि लाइलला कुठल्याच प्रयोगशाळेनं दारात उभं केलं नाही. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्यांनी ग्लेंडालाच बाहेर पाठवलं. अंगणात मोटारीच्या खिडकीतून तिनं त्याला अंगठी दिली आणि जेवायला थांबू नकोस, असं डॅडी म्हणताहेत, एवढं सांगितलं. तो लबॉकला गेला, हायस्कूलात मास्तर झाला, लग्न केलं. दर नाताळला त्या घरून एक कार्ड यायचं, बायकोच्या अक्षरात. गेल्या नाताळात अक्षर बदललं तेव्हा ग्लेंडाला कळलं की बायको गेली.

दगडाचा अर्धा तुकडा तेव्हाच पोलादी डब्यात बंद करून ठेवला होता. आज आपल्याला जे दिसत नाही ते उद्याच्या यंत्रांना दिसेल, म्हणून. त्या पिढीनं स्वतःच्या हावेला घातलेला तो लगाम होता आणि वेल्डनना त्याचा अभिमान होता. आता तशी यंत्रं आली होती. डबा न फोडता दगडाच्या आत बघता येत होतं. उन्हाच्या कणांनी कुठल्या बाजूनं शिरून रेघा पाडल्या ते मोजता येत होतं.

गुरुवारी सकाळी ओफेलिया कान्तूचा फोन आला. चंद्रावरच्या दगडांची सगळी कोठी आता तिच्या ताब्यात होती. ग्लेंडा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"दगड उलटा होता गं," ओफेलिया म्हणाली. "आम्ही तीनदा तपासलं. सोमवारी जाहीर करतोय." मग जरा थांबून म्हणाली, टिडवेलांनाही आजच कळवते, त्यांचा तो हक्क आहे. म्हाताऱ्यांना काय सांगायचं ते मात्र तू ठरव.

ग्लेंडा बाहेर आली तेव्हा वेल्डन दाराकडेच बघत होते. मान उचलत नव्हती, डोळे तेवढे वळले होते.

"कान्तू होती?"

"हो, सर."

"मग?"

तिनं ओला स्पंज त्यांच्या ओठांवर फिरवला. चार दिवसांचा सोबती, तिनं मनाशी म्हटलं. बर्फाचा खडा देतो तसंच हे.

"तुमचंच बरोबर निघालं," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. वडिलांचे डोळे ओले झालेले ग्लेंडानं नादीनच्या वेळीसुद्धा पाहिले नव्हते. त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. ती तशीच अवघडून उभी राहिली, पाठ भरून आली तरी. एवढ्यासाठी आपण आधीच, कितीतरी आधीच खोटं का बोललो नाही, असंही तिला वाटून गेलं.

मग त्यांनी पीचचं आइस्क्रीम मागितलं. दोन चमचे खाल्लं. तिसरा चमचा हातानं बाजूला सारून म्हणाले, "टिडवेलला फोन लाव."

ग्लेंडा म्हणाली, तो आता म्हातारा झालाय, त्याची बायको नुकतीच गेलीये, असू दे. वेल्डन म्हणाले, बायको गेली तर फोन उचलायला तोच असेल, बरं झालं. ती म्हणाली, नंबर नाही. ते म्हणाले, तुझ्या पाकिटात आहे, पहिल्यापासून आहे, मी काय आंधळा आहे? मग आवाज खाली आणून म्हणाले, "मरणाऱ्या माणसाची एवढी एक गोष्ट करणार नाहीस?"

ती नाही म्हणाली असती तर का नाही हे सांगावं लागलं असतं. तिनं फोन लावला आणि आवाज मोठा करून उशीवर ठेवला. उचलू नकोस, ती मनात म्हणत होती. पहिल्या घंटीलाच त्यानं उचलला.

"लाइल, ग्लेंडा बोलतेय. डॅडींजवळून."

"ओळखला आवाज," तो म्हणाला. "ओफेलियाचा फोन येऊन गेला आताच."

"आला ना?" वेल्डन मधेच म्हणाले. छातीत घरघर होती, पण शब्द स्वच्छ होते. "मग बोल, टिडवेल. वर कुठली बाजू?"

पलीकडे लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. ग्लेंडानं फोनकडे बघून मान हलवली. हो म्हण, नाही म्हण, काय म्हणून हलवली ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि त्याला ती दिसणारही नव्हती.

"तुम्ही सांगितलेली, सर," लाइल म्हणाला.

वेल्डन हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकला ओसरेपर्यंत दोघंही थांबले. तेवढ्यावर झालं असतं तर दोन खोटी बोलणी एका म्हाताऱ्याबरोबर मातीत गेली असती. पण वेल्डनचं पोट भरलं नव्हतं.

"जन्मभर फुटबॉल खेळणाऱ्या ठोंब्यांना गारगोट्या दाखवत बसलास," ते म्हणाले. "माझं ऐकलं असतंस तर आज कान्तूच्या खुर्चीत असतास."

"हो, सर."

"आणि ही. हिला मी एवढंच म्हटलं होतं की त्याला जेवायला थांबू देऊ नकोस. अंगठी परत कर असं कुणी सांगितलं होतं? स्वतःच्या डोक्यानं केलं तिनं. आणि तूही घेतलीस, मुकाट. दोघांत मिळून एका माणसाइतका कणा नव्हता." श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "तुझ्यामागे कुणी फिरकलंसुद्धा नाही हिच्याकडे. इथेच पडून आहे. माल तसा खपण्यातला नव्हताच म्हणा."

"ग्लेंडा," लाइल हळू म्हणाला, "फोन ठेव आता."

तिनं ठेवला. नर्स ब्लेसिंग दुपारची कूस बदलायला आली होती, दारातच थबकली. ग्लेंडानं तिला हातानंच जरा थांब म्हटलं.

"ऐकलास आवाज?" वेल्डन म्हणाले. "मोडला."

"दगड उलटा होता, डॅडी," ग्लेंडा म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. 'डॅडी' अशी हाक त्यांनी कधीपासून ऐकली नसेल.

"खोटं."

"खोटं सकाळी बोलले. आता नाही. तीनदा तपासलंय त्यांनी. सोमवारी सगळ्यांना कळेल."

"टिडवेल म्हणाला ना—"

"त्याला ठाऊक होतं. ओफेलियानं सांगितलं होतं त्याला."

"मग तसं का म्हणाला?"

"कीव आली त्याला तुमची."

ती उठली, घरातल्या बोळाच्या भिंतीवरचा, चंद्रावरच्या दगडाचा तो फोटो काढून आणला. जन्मभर तो तिथेच होता. येता-जाता तिचा खांदा त्याला लागायचा. एका हातानं चौकट त्यांच्या तोंडासमोर धरली, दुसऱ्या हातानं पलंगाजवळचा दिवा ओढून त्यावर झोत टाकला. दगडाच्या बाजूला, धुळीत, त्याच्याच आकाराचा खळगा होता. आता दाखवल्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं.

"फावड्याचा आहे तो," वेल्डन म्हणाले.

"वर कुठली बाजू, सर?"

"मला दिसत नाही."

"दिसतंय तुम्हाला."

ते बघत होते. किती वेळ ते तिनं मोजलं नाही. चौकट जड होती, तरी तिनं हात खाली घेतला नाही. शेवटी त्यांनी डोळे तिच्यावर आणले. त्या नजरेत राग नव्हता. ती तिला अगदी अनोळखी होती. उशीजवळच्या वाटीत आइस्क्रीमचं पाणी झालं होतं.

"सकाळी म्हणालीस ते," ते म्हणाले. "परत म्हण एकदा."

ब्लेसिंगनं दारातून ग्लेंडाकडे पाहिलं. काय म्हणायचंय ते तिला ठाऊक नव्हतं, पण म्हणून टाक, असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"नाही, सर," ग्लेंडा म्हणाली.

ब्लेसिंगनं त्यांना कुशीवर वळवलं, तोंड भिंतीकडे. एरवी दोन तासांनी ते परत खिडकीकडे वळवून मागायचे. त्यानंतर त्यांनी मागितलं नाही. ग्लेंडानं त्यांचे ओठ ओले केले, अंग पुसलं, चादरी बदलल्या, रात्री खुर्चीत बसून राहिली. कशात काही कमी केलं नाही. ते एक वाक्य तेवढं दिलं नाही. जिभेवर आलं होतं, दोनदा. शनिवारी पहाटे ते गेले तेव्हा ती त्यांचा हात धरून होती, पण हात तिनं धरला होता, त्यांनी नाही.

सोमवारी बातमी आली, बुधवारी दफन होतं. काळा पोशाख घातलेल्या बायका कॅसरोल, म्हणजे घरी भाजलेल्या जेवणाची भांडी, घेऊन आल्या. ओफेलियानं ग्लेंडाला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "देवाची दया. कळायच्या आत गेले."

"हो," ग्लेंडा म्हणाली.

लाइल आला नाही. त्यानं फुलंही पाठवली नाहीत, आणि ग्लेंडाला ते बरोबर वाटलं.

झाकण लावायच्या आधी दफन करणाऱ्या माणसानं तिला अदबीनं पुढे बोलावलं. वेल्डन निळ्या सुटात होते, दाढी गुळगुळीत, हात एकावर एक. पांढरे केस पाणी लावून चापून बसवले होते आणि भांग डावीकडे होता. जन्मभर तो उजवीकडे होता. पेपरात दिलेला तरुणपणचा फोटो कुणीतरी उलटा छापला असणार.

त्यांचा कंगवा तिच्या पर्समध्ये होता. घरून निघताना तिनं तो का टाकला होता, कोण जाणे. तिनं पर्स उघडली, कंगव्याला बोट लावलं. मागे रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

"सगळं ठीक आहे ना, मॅडम?" त्या माणसानं विचारलं.

ग्लेंडानं पर्स मिटली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "लावा झाकण."