मी आणि तो पत्र्याचा बेडूक

मित्रांनो, बाकाच्या वरच्या खिळ्याला ती काळवंडलेली, छत्तीस कड्यांची साखळी लोंबते आहे ना, ती मी. मी कुत्र्याच्या गळ्यात घालायची फासाची साखळी. ओढलं की आवळायचं, सोडलं की सैल व्हायचं, एवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर मी बावीस वर्षं राज्य केलं.

मला घडवणारा लोहार म्हणाला होता, "ही हत्तीलासुद्धा खाली बसवेल." मी ते अगदी खरं मानलं. मग मला कुत्र्यांच्या शाळेच्या मास्तरांनी घेतलं. त्यांची शाळा म्हणजे घरामागचं अंगण, एक बाक आणि पाण्याची बादली. कुत्रं पुढे धावलं की मास्तर मला हिसका देत. मी आधी 'खळ्ळ' करायची आणि लगेच आवळायची. हुशार कुत्री चार दिवसांत नुसत्या खळ्ळला बसू लागत. एकदा मी अशी काही वाजले की दोन गल्ल्या पलीकडचा शिंपी उभ्या उभ्या कापड कापत होता, तोही मटकन खाली बसला. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तो आता हयात नाही, हा भाग वेगळा.

दर आठवड्याला मास्तर मला तेलाच्या चिंधीने पुसत आणि "माझी राणी" म्हणत. मास्तरीणबाईंना त्यांनी असं कधी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

आणि एक दिवस मास्तरांची थोरली बहीण राहायला आली. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. तिने अठरा वर्षं समुद्राकाठी सील नावाच्या जलप्राण्यांना शिकवलं होतं. आता सीलला मान अशी नसतेच. साखळी अडकवणार कुठे? शिवाय तो रुसला तर सरळ बुडी मारतो, मग बसा काठावर बोंबलत! म्हणून ताईने स्वतःच्या डोक्याने वेगळी रीत काढली होती. तिच्या खिशात एक पत्र्याचा बेडूक असे. पोट दाबलं की 'टिक' वाजणारं, मुलांचं खेळणं. प्राण्याने हवं ते केलं, की त्याच क्षणी टिक आणि मागोमाग घास. टिक वाजलं की घास द्यायचाच, चुकून वाजलं तरी.

त्या बेडकाचा रंग उडालेला, एक डोळा गायब. आणि त्याच्या एका टिकला पिल्लं शेपट्या हलवत धावायची! माझ्याकडे बावीस वर्षांत कुणी धावत आलं नव्हतं. माझ्या कड्यांना काय आग लागली म्हणून सांगू!

"ताई, हे पाण्यातले चाळे कुत्र्यांना चालायचे नाहीत," मास्तर म्हणाले.

"कुत्र्यांना विचारलंस का रे?"

तेवढ्यात बेकरीवाल्या काकू आपल्या तांबड्या कुत्रीला घेऊन आल्या. ही तांबडी लहानपणी माझ्या हाताखाली शिकून गेली होती. माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी! आता ती तिघांना चावली होती. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तर, गल्लीतले लोक ऐकत नाहीत. एकवीस दिवसांत सुधारली नाही तर हिला मारायची सुई द्यायची असं ठरलंय."

ताईने काम हाती घेतलं. पण ती बाजारात गेली असताना मास्तरांनी गुपचूप बेडूक उचलला. तांबडी भुंकली. ती गप्प व्हावी म्हणून त्यांनी टिक केलं आणि नियमाप्रमाणे पावाचा तुकडाही दिला. ती पुन्हा भुंकली. पुन्हा टिक, पुन्हा तुकडा. ताई परतली तेव्हा तांबडी बसून, मास्तरांकडे बघत, घड्याळासारखी भुंकत होती.

"वा रे वा! भुंकायला काय सुरेख शिकवलंस!" ताई पोट धरून हसली.

मास्तर लाल झाले. मी मात्र खिळ्यावर आनंदाने डुलले. बेडूक हरला होता! आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, बेडूक हरला तर तांबडी मरेल हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

चौदाव्या दिवशीही तांबडी सुधारल्याचं दिसेना, तेव्हा मास्तर हट्टाला पेटले. त्यांनी मला काढलं. मी मिरवतच निघाले. पण मी 'खळ्ळ' केलं मात्र, तांबडीच्या पाठीवरचे केस उभे राहिले आणि तिने मास्तरांची बाही टरकावली.

ताईने तांबडीला बाजूला घेतलं. मग तिने विचारलं, "काकू, चावली कुणाकुणाला?"

"किल्ल्या बनवणाऱ्याला. मग दूधवाल्याला. आणि माझ्या जाऊबाईंना."

"जाऊबाई बांगड्या घालतात?"

"कोपरापर्यंत!"

"किल्ल्या, बाटल्या, बांगड्या," ताई म्हणाली. "सगळं खळखळणारं. अरे, हिला खळ्ळ ऐकू आलं की आता गळा आवळणार असं वाटतं. ही चावत नाहीये, ही घाबरलीय."

मास्तर खाली बसले. ज्याला मी माझा मान समजत होते, ती भीती होती. तांबडी पिल्लू असताना मीच तिला दिलेली.

आता मला भट्टीत टाकतील, असं मला वाटलं. पण ताई म्हणाली, "साखळी टाकू नकोस. तीच लागणार आहे."

तिने मला टॉवेलात गुंडाळलं. अंगणाच्या त्या टोकाला मास्तरांनी मला अगदी हळू वाजवायचं आणि या टोकाला ताईने लगेच पावाचा तुकडा टाकायचा. दुसऱ्या दिवशी टॉवेल सुटला. तिसऱ्या दिवशी मास्तर चार पावलं पुढे आले. मित्रांनो, बेडूक ते सगळे दिवस खिशात पडून होता! हेव्याला त्याहून गोड औषध नाही.

एकविसाव्या दिवशी किल्लीवाला फाटकाबाहेर उभा राहिला. हात लांब, पाय पळायच्या तयारीत. त्याने जुडगा हलवला. तांबडीने कान टवकारले, त्याच्याकडे बघितलं आणि वळून काकूंच्या हाताला नाक लावलं. काकू तिथेच खाली बसून रडल्या. किल्लीवाला म्हणाला, "काकू, रडू नका हो. पाव माझ्याकडे टाका, मीच देतो तिला."

पुढे ताईचं नाव झालं. दूरदूरचे मास्तर शिकायला आले आणि जाताना खिशात एकेक बेडूक घेऊन गेले. आपापल्या साखळ्या इथेच टाकून गेले. माझ्या शेजारी आता अकराजणी आहेत. गोष्टीत माझं नाव कुणी घेत नाही. तांबडीला बेडकाने वाचवलं असंच सांगतात. मला अजून झोंबतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल तर ओढू नका. ते शहाण्यासारखं वागेल त्या क्षणी बघा आणि तेव्हाच कौतुक करा. तांबडी अजून कधीमधी येते. वाऱ्याने मी वाजले की धावत येते, माझ्याखाली बसते आणि शेपटी हलवत वर बघत राहते. माझ्याकडे द्यायला तुकडा नसतो. म्हणून म्हणते, कुणीतरी पाव घेऊन या हो.