पिवळ्या फडक्यातलं विष

इस्रायलमधल्या येरुहाम गावातल्या त्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बॉम्बपासून आसरा म्हणून बांधलेल्या खोलीत शमशोन बाबा रोग्यांचं विष उतरवी. किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या मिरियमच्या डोक्यावर लालसर गाठ आली होती. बाबानं ती बाटलीतल्या पाण्यानं भिजवली आणि वरून पिवळं फडकं फिरवलं. फडकं लालभडक झालं. लोक माना उंचावून बघू लागले.

“किडनी काढली, तरी रोग आत लपला होता,” बाबा म्हणाला. “आपला प्रेषित एलियाहू हनाबी आता त्याला बाहेर ओढतोय. डॉक्टरकडे गेलीस तर तो पुन्हा आत शिरेल.”

नेहेम्या मागे उभा होता. मिरियम त्याची मेहुणी. तिची थोरली बहीण इलाना, म्हणजे नेहेम्याची बायको, याच रोगानं गेली होती. तिच्या डोक्यावरही अशीच गाठ आली, तेव्हा तपासून डॉक्टर म्हणाले होते, किडनीचा कॅन्सर कातडीपर्यंत पोचलाय.

“मिरियम, उद्या बेरशेवाच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ,” तो म्हणाला.

“भावोजी, ताईला डॉक्टरांनी वाचवलं का?”

तो जिना चढून बाहेर पडला.

शब्बाथला, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तो एकटाच जेवला. वरण टेबलक्लॉथवर सांडलं. इलाना असताना त्यानं कधी धुणं धुतलं नव्हतं. आता शब्बाथ संपल्यावर त्यानं साबण लावताच पिवळा डाग लाल झाला. तो नळ तसाच सोडून बघत राहिला. हाक मारून दाखवावं, असं घरात कोणी नव्हतं.

पुढच्या बैठकीला त्यानं हळदीत बुडवून वाळवलेला रुमाल नेला आणि बाबाची बाटली उचलून त्यावर ओतली. रुमाल लाल झाला.

“याला कसला कॅन्सर, बाबा?”

“तुझ्या मनात खोट आहे.”

“माझ्या असेल. रुमालाच्या?”

कोणीतरी खुदकन हसलं. नेहेम्या लोकांकडे वळला. “फडक्याला हळद, पाण्यात धुण्याचा सोडा. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. बायांनो, हे तर तुम्ही रोज बघता.”

मिरियम हळूच म्हणाली, “बघते ना. पण इथं मी धुणं धुवायला आले नव्हते, भावोजी. जगायला आले होते.”

दुसऱ्या दिवशी दोघं बेरशेवाच्या बसमध्ये बसली. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासला. रोग तोच निघाला. बरं करण्याचं वचन त्यांनी दिलं नाही. औषध काय, त्रास काय, आशा किती, ते मात्र खरं सांगितलं.

किडनीचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या अंगावर नवी गाठ आली, तर ती डॉक्टरला दाखवा. विष बाहेर पडतंय म्हणून वाट बघू नका. आणि जो आजारी आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा. तो एकटा पडला, की बाबा त्याला गाठतो.