सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

ग्लेनिस पास्कोनं सव्वीस वर्षं खाणीच्या पोटात ट्रक चालवला, आणि एकदाही भिंतीला आरसा घासला नाही! तिचा बिल्ला बारा नंबरचा. झोपेत कुणी ‘बारा’ म्हटलं असतं, तरी तिनं ओ दिली असती.

मग डॉक्टरांनी सांगितलं, हा साधा विसराळूपणा नाही, मेंदूच्या आजाराची सुरुवात आहे. ग्लेनिसनं ते स्वतःहून ऑफिसात जाऊन सांगून टाकलं. का? तर जेवणाच्या खोलीत पोस्टर होतं, ‘सांगा, आम्ही सोबत आहोत.’ तिला ते खरं वाटलं!

सोबत मिळाली ती अशी. ट्रक गेला, बारा नंबरही गेला. दोन्ही ट्रेंटला, जो चोवीस वर्षांचा आणि तोंडाचा फटकळ. ग्लेनिसला बिल्ल्यांच्या फळ्यापाशी बसवलं, नवा सत्तेचाळीस नंबर दिला आणि गळ्यात कामांचं कार्ड अडकवलं. खाली जाणारा आपला पितळी बिल्ला फळ्याच्या लाल बाजूला लावतो, वर आला की हिरव्या. लाल बाजू रिकामी झाल्याशिवाय सुरुंग उडवायचे नाहीत, आणि त्यावर लक्ष ग्लेनिसचं. तीन महिन्यांत एक चूक नाही. आज तिच्या कामाची तपासणी होती. पास झाली तर नोकरी, नाहीतर घर. आणि घरी फक्त एक बहिरं मांजर.

“काय गं आजी, आज वार कुठला?” ट्रेंटनं सकाळीच सुरू केलं.

“तुझ्या आंघोळीचा नाही, एवढं वासावरून कळतंय.”

सगळे हसले. ग्लेनिस सगळ्यात मोठ्यानं.

दुपारी सुपरवायझर नोलीन आली. आवाज नुसता मध! “ग्लेनिस, राणी, खाली चार बॅटऱ्या पोचवशील? कुणीच मोकळं नाही गं.”

ग्लेनिस फुलून गेली. किती दिवसांनी खाली! तिनं सत्तेचाळीस लाल बाजूला लावला, गेली, आली. आल्यावर कार्ड वाचलं. दिवे मोजणे. वही लिहिणे. स्वतःचा बिल्ला फिरवणे, ही ओळ त्यात नव्हतीच. फळ्यापाशी बसणारी खाली जाईल कशाला?

साडेपाचला सगळी माणसं वर आली. लाल बाजूला एक बिल्ला उरला.

“थांबा!” ग्लेनिस ओरडली. “सत्तेचाळीस खाली आहे! नोलीन, यादी बघ, कोण आहे ते?”

वर आलेल्यांतला म्हातारा डेस काही बोलणार, तेवढ्यात नोलीननं त्याच्याकडे बघून बोट वर केलं. “यादी बघते मी. तू पुकारत राहा,” ती म्हणाली आणि तिनं पेनचं टोपण काढलं.

ग्लेनिसनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “सत्तेचाळीस, ऐकू येतंय का? घाबरू नकोस हं. भिंतीला धरून बस. तू वर आल्याशिवाय मी इथे कुणाला सुरुंगाच्या बटणाला हात लावू देणार नाही. आईशप्पथ!”

ट्रेंट दाराआड सरकला. स्वतःच्या वॉकीटॉकीत बारीक आवाज काढून म्हणाला, “वाट चुकले गं मी...”

“सापडली!” ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगं पोरी, नाव काय तुझं?”

“ग्लेनिस पास्को.”

खोली हसण्यानं फुटली. डेस तेवढा बुटांकडे बघत राहिला.

ग्लेनिसनं गळ्यातलं कार्ड उलटलं. मागे तिचा फोटो होता. फोटोखाली ४७.

“काही हरकत नाही हं, राणी,” नोलीन म्हणाली. “आम्ही आहोत ना सोबत.” पेन तपासणीच्या फॉर्मवर चालूच होतं.

ग्लेनिस उठली. बिल्ला हिरव्या बाजूला लावला. वहीत लिहिलं, ‘४७ वर आली. ५:५२.’ अक्षर जरासुद्धा हललं नाही. मग म्हणाली, “लाल बाजू रिकामी. उडवा.”

पायाखालची जमीन दणदणली.

नोलीननं कार्ड मागितलं. ग्लेनिसनं ते डोक्यावरून काढून दिलं. “यात ती बिल्ल्याची ओळ घाल,” ती म्हणाली. “पुढच्या माणसाला लागेल.”

“घालते हं,” नोलीन गोड हसली, आणि तिनं कार्ड कचऱ्याच्या डब्यात टाकलं.