वागिराहच्या सायकलचे दाते

वागिराहने सायकलचं मागचं चाक खोलून अंगणात आडवं टाकलं आणि दगडावर चाललेली तिच्या नवऱ्याची, पोनिजानची, छिन्नी थांबली. काल या सायकलने तिला भर चढावर दगा दिला होता. पायडलवर जोर दिला की चेन घसरायची. शेवटी सायकल आडवी झाली आणि चार बाटल्या जामू, हळद-चिंचेचा ताजा काढा, रस्त्याने पिऊन टाकला. गेली एकोणीस वर्षं ती मेरापी ज्वालामुखीच्या कुशीतल्या वरच्या वाडीला रोज सकाळी जामू पाजत आली होती. काल घरी येऊन ती म्हणाली, "उद्यापर्यंत सायकल चढली नाही, तर वरची वाडी सोडली मी." आणि न जेवता निजली. ते ऐकल्यापासून पोनिजानचं छिन्नीवर लक्ष नव्हतं.

"पण बुने, चेन तर तू गेल्याच आठवड्यात नवी टाकलीस," पोनिजान म्हणाला. इथल्या रिवाजाप्रमाणे तो बायकोला बुने, म्हणजे आई, म्हणायचा आणि ती त्याला पाकने, म्हणजे बाबा.

"तिथंच माशी शिंकली. हे दाते बघा."

मागच्या चक्रांचे दाते झिजून मांजराच्या नखांसारखे टोकदार झाले होते.

"जुन्या चेनने यांच्याशी कसंबसं जुळवून घेतलं होतं. नवीला इथं धरच मिळत नाही. हा चक्रांचा जुडगा, अख्खं फ्रीव्हील, बदलायला हवं."

"मग दुकानात टाक की."

"दुकानदार म्हणतो, परवाचा वागेचा बाजार झाला की या. उद्या वरच्या वाडीत मुर्सिनीच्या बाळाच्या पस्तिसाव्या दिवसाचा सोहळा. सगळी वाडी जमणार. तिथं जामू कोण नेणार, तुमचं टक्कल?"

तिने पदराच्या गाठोड्यातून नवं फ्रीव्हील काढलं आणि त्यासोबत एक जाडजूड नट. त्याची एक बाजू दातेरी, ती फ्रीव्हीलच्या खाचांत बरोबर बसत होती. दुसरी बाजू सहा कोनांची. नट धरून ठेवायचा आणि चाक फिरवायचं, की जुनं सुटतं. पण धरायचं कशाने? पक्कड दोनदा निसटली आणि तिच्या बोटाचं सालटं निघालं. बोट तोंडात घालून ती अंगणभर बघत राहिली. तिची नजर पोनिजानच्या दगडांवर थांबली. पाटे-खल घडवण्यात त्याची हयात गेली होती.

"पाकने, तुमचा दगड कधी जागचा हलतो का हो?"

"हलवायला चार माणसं लागतात."

"मग त्यात या नटाच्या मापाचं सहा कोनी भोक पाडा. मध्ये आसाच्या टोकाला जागा ठेवा, अजून खोल."

पोनिजान तिच्याकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं तो दगड फोडत होता, पण ही अक्कल त्याच्या डोक्यात उगवली नसती. तासाभराने नट दगडात असा बसला की बोटाने हलेना. वागिराहने चाक उलटं करून त्यावर ठेवलं.

"आता दोघांनी ओढायचं. अहो, तिकडे नाही! डावीकडे!"

दोघं समोरासमोर बसले, जात्यावर बसावं तसे. पहिल्या दोन झटक्यांना काहीच झालं नाही. तिसऱ्याला कर्रकन आवाज आला आणि चाक सुटलं. वागिराह एवढ्या मोठ्याने हसली की शेजारची कोंबडी पळाली.

जुन्या फ्रीव्हीलमागे काळा चिखल माखला होता. तिने चिमटीत घेतला. ज्वालामुखीची बारीक रेती कचकचली. मग नाकाशी नेला.

"खोबरेल?"

पोनिजान छिन्नी पुसू लागला. छिन्नी स्वच्छच होती.

"सायकल कुरकुरायची," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं, तुला जड जात असेल. म्हणून रोज संध्याकाळी, तू न्हायला गेलीस की..."

"रोज?"

"न चुकता."

म्हणजे त्याने मायेने घातलेल्या तेलाला रेती चिकटत होती आणि सायकलचे दाते खात होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वागिराहने चिमटीतला चिखल जमिनीला पुसला.

"घरातलं खोबरेल कुठं जातं ते कळतच नव्हतं मला," ती म्हणाली. "वाटलं, पाकनेंना अजून केसांची आशा आहे."

नवं फ्रीव्हील तिने हातानेच फिरवून बसवलं. पायडल मारलं की ते आपोआप आवळतं. चाक चढवलं, चेन घातली आणि मागच्या कॅरिअरवर थाप मारली.

"बसा. तुमचं वजन नि माझ्या बाटल्यांचं, सारखंच."

पोनिजान वरच्या वाडीच्या या रस्त्याने कधी आलाच नव्हता. त्याचे दगड खालच्या ओढ्याचे, त्याचा बाजार खालचा. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मग रस्ता भिंतीसारखा समोर उभा राहिला. वागिराह पायडलवर उभी राहिली. चेन एकदाही घसरली नाही, पण तिचा श्वास त्याला ऐकू येत होता आणि पाठीवर ब्लाउज ओलाचिंब झालेला दिसत होता. असा चढ ती एकोणीस वर्षं रोज चढत होती, आणि तो खाली बसून तेल घालत होता. त्याने एक पाय खाली सोडला.

"पाय वर घ्या!" ती मागे न बघता ओरडली. "उद्या बाटल्या उतरून चालणार आहेत का?"

पोनिजानने मुकाट्याने पाय वर घेतला.