कुठे जाते, ते विचारायचं नाही

नकार द्यायचा, हे ताईंचं सकाळीच ठरलं होतं. कारण तेवढं सापडायचं बाकी होतं.

गुडघ्यांनी दगा दिला होता, डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले होते, आणि त्या चालवत असलेल्या 'विसावा'चं काम कुठल्यातरी संस्थेच्या हाती सोपवण्यावाचून इलाज नव्हता. काम तसं साधंच. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, तिथे त्याचं सगळं करणारी एकटी सून असते. तिला ना पगार, ना सुटी. "सून आहे ना घरात," एवढं म्हटलं की बाकीचं घर हात झटकून मोकळं. 'विसावा'ची बाई आठवड्यातून एक दुपार अशा घरी जाऊन बसे आणि सुनेला बाहेर पाठवी. ताईंचा नियम एकच होता: ती कुठे जाते, ते विचारायचं नाही.

आधीच्या दोन संस्था ताईंनी वाटेला लावल्या होत्या. एकीची माणसं फार बोलतात, दुसरीची मुळीच बोलत नाहीत, असं सांगून. तिसरीची प्रमुख पूर्वी नर्स होती आणि सदा हसतमुख. ताई मनातल्या मनात तिला 'हसरी' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. महिनाभर ती ताईंबरोबर घरोघर फिरली. शिंप्याची म्हातारी आई ताईंशी कधी धड बोलली नव्हती. तिने हसरीला आपली दाढदुखीसुद्धा सांगितली. रंगाऱ्याच्या सुनेने तर ताईंच्या देखतच विचारलं, "पुढच्या वेळी ह्याच येतील ना?" ताई हसल्या. पण जिना उतरताना हसरीने आधाराला दिलेला हात त्यांनी घेतला नाही.

आज सह्यांसाठी हसरीला घरी बोलावलं होतं, आणि ताई मुद्दाम उशिरा परतत होत्या. ताटकळली की तिचं हसू उतरेल, एखादा शब्द वाकडा जाईल, म्हणजे झालंच काम.

ताईंचं घर बैठं होतं आणि दार उघडंच होतं. आतल्या खोलीत हसरी त्यांच्या यजमानांच्या उशाशी बसून चमच्याने दूध भरवत होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून सगळ्या जगाशी अबोला धरलेले यजमान चक्क हसत होते.

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. काम नेलं, माणसं नेली, आता नवरासुद्धा?

"सूनबाई कुठे आहे?"

"बाहेर गेल्यात."

"बाहेर म्हणजे कुठे?"

हसरी गोंधळली. "ते विचारायचं नसतं ना? तुमचाच नियम." तिने चमचा खाली ठेवला. "मी आले तेव्हा त्या चादर बदलत होत्या. मला वाटलं, तुमच्याकडेही आपली बाई येत असणार, आज तिचा खाडा झालाय. म्हणून म्हटलं, तुम्ही जा, मी बसते. माझं काही चुकलं का?"

'विसावा'ची बाई ताईंच्या स्वतःच्या घरी कधी आलीच नव्हती. दुसऱ्यांच्या सुना मोकळ्या करायला ताई बाहेर पडत, ते आपलं घर सुनेच्या गळ्यात टाकूनच. मुलगा संध्याकाळी दारातूनच "बाबा, बरं ना?" म्हणून विचारी, आणि लोक त्याला गुणी म्हणत.

"काय म्हणाली ती?"

"काहीच नाही. केस विंचरले, मग रडल्या, मग गेल्या."

ऊन उतरल्यावर सून परतली. हातात काही नव्हतं. "उशीर झाला, आई," म्हणत ती सवयीने बाह्या सरसावत आत वळली. ताईंनी तिला थांबवलं.

"इतके दिवस तू मला बोलली का नाहीस?"

सुनेने सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. "काय बोलणार? सगळे म्हणायचे, तुझी सासू म्हणजे देवमाणूस. मीही हो म्हणायचे. पण त्या रंगाऱ्याच्या सुनेचा इतका हेवा वाटायचा, आई, की ती रस्त्यात दिसली तर मी पलीकडून जायचे."

हेवा म्हणजे काय ते ताईंना सांगायला नको होतं. महिनाभर त्या त्याच्यावरच जगत होत्या. पण आपण जळलो ते दुसरीच्या कौतुकावर, आणि ही जळली ती फक्त एका दुपारसाठी. ताईंना लाज वाटली. ती लपवावी, असंही त्यांना वाटलं नाही.

त्यांनी सह्या केल्या. मग हसरीकडे न बघताच म्हणाल्या, "बायका कमी पडतात म्हणत होतीस ना? मला घे. जिने मात्र चढवत नाहीत. बिनजिन्याचं घर असेल तर बघ."

"आहे एक," हसरी म्हणाली.

पुढच्या गुरुवारी दुपारी सून बाहेर पडली आणि ताईंनी दूध भरवायला घेतलं. अर्धं उशीवरच सांडलं. यजमानांनी तोंड फिरवलं आणि दाराकडे बघत अडखळत सुनेला हाक मारली. ताईंच्या काळजात पुन्हा तीच कळ आली. त्यांनी उशी पुसली आणि चमचा पुन्हा भरला.

संध्याकाळी मुलगा येऊन दारात उभा राहिला. "बाबा, बरं ना?" मग इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "ही कुठे गेली?"

"ते विचारायचं नसतं," ताई म्हणाल्या. "चप्पल काढ आणि आत ये. हे कसं भरवायचं ते आपण दोघंही शिकू. पुढचा गुरुवार तुझा आहे."