बदामाखालची निलगिरी

माझे यजमान आणि माझे थोरले दीर सतरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण त्यांच्यात संवाद उत्तम होता. हे ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमची दोन घरं एकमेकांना लागून आहेत आणि मागचं अंगण एकच आहे. मधोमध एक बदामाचं झाड आहे, तेच आमचं कुंपण. सतरा वर्षांपूर्वी यजमानांनी कुणालाही न विचारता त्याची एक फांदी तोडली. ती दादांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, नव्या स्कूटरवर पडली. "यापुढे माझ्याशी एक शब्द बोलू नकोस," असं दादा रागाच्या भरात म्हणाले. ह्यांनी जन्मात दादांचं कधी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं ते नेमकं एवढंच.

पण पानगळ सुरू झाली की दोघांना अंगणात यावंच लागायचं. बदामाचं पान चांगलं ताटलीएवढं असतं. सहा-सात आठवडे दर रविवारी सकाळी हे आमच्या बाजूने खराटा घेऊन निघायचे, दादा त्यांच्या बाजूने, आणि झाडाखाली गाठ पडायची. तिथे दोघं बोलायचे, झाडाशी.

"काही लोकांचा गुडघा दुखतोय म्हणे," दादा झाडाला सांगायचे. "डॉक्टरकडे जायला काय मुहूर्त लागतो?"

"काही लोकांनी स्वतःचं ब्लडप्रेशर बघावं," हेही झाडालाच सांगायचे.

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या झाडाखाली ठरलं. पुतणीने स्वतः पसंत केलेल्या मुलाला होकारही तिथेच मिळाला. मी आणि जाऊबाई स्वयंपाकघराच्या खिडक्यांतून कान देऊन ऐकायचो आणि वर्षभराचे निर्णय त्या सहा-सात आठवड्यांत उरकून घ्यायचो. झाड बिचारं मुकाट्याने ऐकून घ्यायचं.

आणि मग यंदा अर्धी पानगळ सरल्यावर ह्यांनी ते मशीन आणलं.

पानं ओढून घेणारं आणि आतल्या आत त्यांचा भुगा करणारं. पुढे हत्तीसारखी सोंड, मागे खांद्याला अडकवायची झोळी. सोळा पोती पानांचा एका पोत्यात भुगा होतो, असं खोक्यावर लिहिलेलं होतं, आणि ते वाक्य ह्यांनी मला दिवसभरात सोळा वेळा वाचून दाखवलं. आवाज असा, की पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा फडताळातले पेले वाजले. म्हणून त्याच्यासोबत कानावर चढवायची जाड गादीची कानझाकणं होती. ती चढवून, सोंड हातात घेऊन हे अंगणात उतरले तेव्हा मला हसावं की दार लावून घ्यावं ते कळेना.

पंचवीस मिनिटांत अंगण लख्ख! दादा आपला खराटा घेऊन पायरीवर उभेच होते. झाडाखाली पोहोचायच्या आत बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि झाडण्यासारखंही.

आमचे दादा मागे राहतील असं कुणाला वाटत असेल, तर त्याने दादांना पाहिलेलं नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या हातात तसंच मशीन होतं, सोंड वीतभर जास्त लांब. त्या दिवशी दोन मशिनं मिळून अंगणात असं घोंघावत होती की पलीकडच्या गल्लीतला शिंपी आग लागली का विचारायला आला. बारा मिनिटांत सगळं आटोपलं. दोघा भावांनी घामाघूम होऊन एकमेकांच्या झोळ्या किती फुगल्या ते तिरक्या नजरेने पाहिलं आणि घरात गेले.

"बघितलंस किती वेळ वाचला?" हे म्हणाले.

त्या वाचलेल्या वेळात ते सोफ्यावर बसून छताकडे बघत राहिले.

तिसऱ्या रविवारी एक वेगळी गोष्ट घडली. मी खिडकीतून पाहिली, पण तेव्हा मला तिचा अर्थ कळला नाही. दादांनी आपलं मशीन बंद केलं, कानझाकणं काढली, झाडापाशी आले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. ह्यांचं मशीन चालूच होतं. ह्यांनी मान वर केली, हसले आणि अंगठा वर केला. दादांनी मान हलवली आणि आत गेले.

मंगळवारी कपडे वाळत घालताना जाऊबाईंचे डोळे लाल दिसले.

"काय झालं हो?"

"सोमवारी टेम्पो येतोय," त्या म्हणाल्या. "आम्ही लेकीकडे चाललो. कायमचे."

माझ्या हातातली चादर खाली मातीत पडली.

"ती दोन वर्षं बोलावतेय. ह्यांचा पाय निघत नव्हता. म्हणाले, एकदा त्याला विचारतो, तो राहा म्हणाला तर राहू. विचारलं ना परवा, झाडाखाली. भावोजींनी अंगठा वर केला. हसून केला गं, तेच ह्यांना फार लागलंय."

मी ओल्या हातांनीच घरात धावले. यजमान मशीनच्या सोंडेत तेल घालत बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांच्या हातातली तेलाची कुपी कलंडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मला वाटलं, मशीन कसं चाललंय विचारतोय," ते म्हणाले.

"अहो, मग उठा! जा आणि सांगा!"

"असं कसं जाऊ? आम्ही बोलत नाही."

मी कपाळावर हात मारला. साठी उलटलेला माणूस, घर डोळ्यांसमोर रिकामं होणार, आणि ह्यांना रीतभात आठवतेय! मी स्वतः जाऊन सांगायला निघाले, तर म्हणाले, "तू नको. त्याने मला विचारलंय." मग खाली मान घालून पुटपुटले, "रविवारी झाडताना सांगीन."

"झाडताना? काय झाडणार? डोकं?"

कारण अंगणात पान उरलं नव्हतं. दोन हत्तींनी सगळं फस्त केलं होतं आणि झाडावर मोजून नऊ पानं होती. पुढचे चार दिवस हे येता-जाता त्या नऊ पानांकडे आशेने बघत होते. शनिवारपर्यंत त्यातलं एक पडलं. ह्यांनी ते उचललंसुद्धा नाही.

रविवारी उजाडता उजाडता गाडीचा आवाज आला म्हणून मी खिडकीशी गेले. यजमान गाडीतून पोती उतरवत होते. अकरा पोती, काठोकाठ पानांनी भरलेली. सार्वजनिक बागेतल्या माळ्याला उठवून आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कचरा मागायला आलं म्हणून त्या माळ्याने दोन पोती वर आग्रहाने दिली म्हणे. हे ती पानं अंगणभर पसरत होते, पाहुणे येणार म्हणून सतरंजी अंथरावी तशी, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत. मी पदर खोचला, एक पोतं उचललं आणि दादांच्या बाजूला नेऊन रिकामं केलं.

मग हे खराटा घेऊन उभे राहिले. मशीन घरात, कान उघडे.

दादा दार उघडून बाहेर आले आणि पायरीवरच थबकले. अंगणभर नजर फिरवली. वाकून एक पान उचललं. बोटाएवढं, लांबुडकं. ते चुरगळून नाकाशी नेलं. निलगिरीचा वास माझ्या खिडकीपर्यंत येत होता, त्यांच्या नाकाला काय सांगावं!

ते हळूहळू झाडाखाली आले आणि बदामाच्या बुंध्याला म्हणाले, "काय रे, तुला निलगिरी कधीपासून लागायला लागली?"

शेजारच्या खिडकीत जाऊबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही.

"काही लोकांना," हे झाडाला म्हणाले, "काही लोकांना वर केलेला अंगठा दिसतो, पण कानावर काय चढवलंय ते दिसत नाही."

दादांनी पान खाली टाकलं. मग ह्यांनी खराटा बुंध्याला टेकवला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा झाडाकडे न बघता भावाकडे पाहिलं.

"दादा, काय विचारलं होतंस तू?"

दादांना सवय नव्हती. त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग ह्यांच्याकडे.

"जाऊ का, म्हटलं."

"नको."

एवढंच. ज्या शब्दासाठी ह्यांनी अकरा पोती आणली होती, तो दोन अक्षरांचा निघाला. मला एवढं भरून आलं की ओट्यावरचं दूध उतू जाताना दिसत असूनही मी हलले नाही.

दादांनी अंगणाकडे हात केला. "मग हा सगळा उपद्व्याप झाडणार कोण?"

"आपण."

दादा आत गेले आणि आपला जुना खराटा घेऊन आले. दुपारचे दोन वाजले दोघांना. सतरा वर्षांचं साचलेलं बोलणं, त्यात ती स्कूटरही निघाली आणि चांगला अर्धा तास भांडण झालं, समोरासमोर, नाव घेऊन. खिडकीत उभं राहून माझे पाय दुखले, पण काय ऐकायला गोड वाटलं!

सोमवारी टेम्पो आलाच. ड्रायव्हर म्हणाला, रिकामा कसा जाऊ? मग दोन्ही भावांनी मिळून दोन्ही मशिनं त्यात चढवली आणि लेकीकडे पाठवून दिली.

संध्याकाळी पुतणीचा फोन आला. "बाबा, हे काय पाठवलंत? माझ्याकडे तर एकसुद्धा झाड नाही!"

"मग लाव," दादा म्हणाले, आणि फोन ह्यांच्या हातात देता देता तिला म्हणाले, "घे, तुझा काका बोलतोय."