चौथ्या ओळीनंतर

फोनवर नखाएवढं करडं कुलूप — गाण्याच्या चौथ्या ओळीच्या खाली, आणि त्याखालच्या ओळी अशा पुसट की अक्षरं आहेत एवढंच कळावं... किशोरीने त्यावर अंगठा दाबला. संपूर्ण शब्द पाहण्यासाठी सदस्य व्हा, महिना नव्याण्णव रुपये. कोणाचे शब्द? माझ्या आईचे! ही समोर ओटीवर दुर्वा निवडत बसलेली बाई — लग्नानंतरच्या पहिल्या गणेश चवथीला माहेरहून भाऊ आला नाही, म्हणून वालावलच्या खाडीकडे बघत तिने रचलेलं फुगडीचं गाणं, आणि ते मी विकत घ्यायचं?

ऐकायला फुकट होतं. पण वर ढोल नि बासरी अशी चढवलेली की आईचा आवाज त्यात गुदमरलेला. दुपारी वाडीतल्या बायका फुगड्यांना यायच्या होत्या. तीन चवथी झाल्या, आईने हे गाणं म्हटलं नव्हतं. आग्रह केला की भलतंच काहीतरी काढायची. विसरली असेल, वय झालं... आणि ती विसरली तर गाणं गेलंच, दुसऱ्या कोणाला ते येत नाही. सकाळी किशोरीने ॲपच्या कंपनीला फोन केला, तर पलीकडची मुलगी गोडगोड आवाजात म्हणाली, "मॅडम, शब्दांचं लायसन्स वेगळं असतं. आम्हीसुद्धा ते विकतच घेतो." कोणाकडून, तर तीन वर्षांपूर्वी घरी येऊन, चहा पिऊन, रेकॉर्डिंग करून गेलेल्या त्या झब्बेवाल्याकडून. चोर मेले सगळे!

तिने फोनचा पडदा खाली सरकवला. गीत : पारंपरिक. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आये, बघ गो! तुझा नाव खंय आसा? पारंपरिक लिवल्यांनी मेल्यांनी."

आईने मान वर केली नाही. "मेल्यांनी खंय? तूच लिवलंस ता, त्या कागदार. मी इचारलंय, माझा नाव घालतंस मां? तर म्हटलंस, आये, असल्या गाण्यांक कोणाचा नाव नसता."

...हो. झब्बेवाल्याचा फॉर्म मीच भरला होता, शाळामास्तरीण म्हणून, माझ्या वळणदार अक्षरात. तिने विचारलं होतं, आणि मी हसले होते — त्या परक्या माणसाकडे बघून, आईचं मनावर घेऊ नका अशा अर्थाने...

"तुका पुढचा आठवता, आये?"

"आठवता तर."

आई पुन्हा दुर्वा निवडू लागली. किशोरीचा राग अजून होता, तेवढाच होता, फक्त आता तो झब्बेवाल्यावर काढता येत नव्हता. अंगणात बायकांचे आवाज आले. मग म्हण ना, एवढंच तर म्हणायचं होतं. किशोरीने तोंड उघडलं, आणि आईकडे ते गाणं मागायची तिला लाज वाटली.